गंजाचा काळा रंग आणि हातची शिवण
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात भंडारदरा येथे केलेले भाषण)



आपण भावसार. हिंगुलांबिकेने आपल्या पूर्वजांना अभय दिले आणि शस्त्राऐवजी रंगाचे भांडे हाती दिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुढे काहींनी रंगाचे भांडे सांभाळले, काहींनी सुई-कात्री धरली. या दोन्ही धंद्यांचा जेथे संबंध येतो, अशा एका लहानशा विषयावर आम्ही आज बोलणार आहोत. विषय गंजाचा आहे.

गंज हा शिवणाऱ्याचा वैरी. सुईला गंज चढला की ती टाकावी, कापडाला गंजाचा डाग पडला की परटाला बोल लावावा, असा आपला रिवाज. परंतु ज्या काळात बाजारात काळ्या रंगाची पुडी मिळत नव्हती, त्या काळात आपले रंगारी मुद्दाम लोखंड गंजवीत आणि त्यापासून काळा रंग साधीत. त्यास लागणारी दुसरी वस्तू हिरडा. आपण ज्या डोंगरांच्या कुशीत आज बसलो आहोत, तो हिरड्याचाच मुलूख आहे. अकोले तालुक्यातील आणि शेजारच्या जुन्नर-आंबेगावच्या रानांतून महादेव कोळी बांधव उन्हाळ्यात बाळहिरडा वेचतात. समोरचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. हिरडा त्याच्याही आधीपासून या डोंगरांतून खाली उतरत असे. हिरड्यात टॅनिन नावाचा तुरट अंश वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका असतो. हा तुरट अंश आणि लोखंड यांची कापडाच्या धाग्यावर गाठ पडली की काळा रंग उपजतो. 

आता कृती सांगतो. मातीच्या मडक्यात दहा लिटर पाणी, एक किलो गूळ आणि दोन किलो गंजके लोखंड (जुने नाल, खिळे, पत्र्याचे तुकडे) घालावे. तोंडावर फडके बांधून मडके उन्हात ठेवावे. दोन-तीन दिवसांत फेस येऊ लागतो. गूळ आंबतो, त्याचे आम्ल लोखंड खाते आणि पंधरा-वीस दिवसांनी आंबूस वासाचे पाणी तयार होते. छपाई करावयाची असल्यास ते चिंचोक्याच्या खळीने घट्ट करतात. सबंध कापड रंगवावयाचे असल्यास तसेच गाळून घेतात. कापड आधी सोड्याच्या पाण्यात उकळून त्याची खळ काढावी. मग कापडाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात रात्रभर बुडवावे आणि न धुता उन्हात वाळवावे. कापड फिकट पिवळे दिसते. हे पिवळे कापड लोखंडाच्या पाण्यात घातले की डोळ्यांदेखत करडे होते आणि वाऱ्यावर टांगले की काळे होत जाते. येथे घाई करणारा फसतो. दाट पाण्यात एकदाच बुचकळण्यापेक्षा पातळ पाण्यात तीनदा-चारदा बुडवून मध्ये मध्ये वारा दिलेला बरा. वाऱ्यातील प्राणवायूवाचून हा रंग पुरा होत नाही.

इतके सांगून आम्ही थांबलो असतो, तर ती केवळ धंद्याची फुशारकी झाली असती. या रंगात एक मोठा दोष आहे. तो कापड खातो.

आमच्या घरी आजीच्या हातची एक गोधडी आहे. जुनी धोतरे आणि लुगडी यांचे थर, आणि कडेपासून मध्याकडे चौकोनामागे चौकोन घेत गेलेला धावदोरा. पांढरे आणि तांबडे तुकडे अद्याप शाबूत आहेत. काळे तुकडे मात्र नाहीसे झाले आहेत. हात फिरविला तर बोटाला भुकटी लागते आणि टाक्यांची नुसती जाळी उरलेली दिसते. शिवण टिकली, कापड गेले! आपल्यापैकी अनेकांच्या फडताळांत अशा गोधड्या असतील आणि कसरीने खाल्ली म्हणून तिचा नाद सोडला असेल. पुष्कळदा तो कसरीचा अपराध नसून लोखंडाचा असतो. उरलेले आम्ल आणि मोकळे राहिलेले लोखंड धाग्याला वर्षानुवर्षे जाळीत राहतात. उजेड आणि दमट हवा त्यास साहाय्य करतात. ही केवळ आपलीच कथा नव्हे. अमेरिकेतील एकोणिसाव्या शतकाच्या गोधड्यांत तपकिरी आणि काळे तुकडेच आधी विरलेले आढळतात. जपानच्या अमामी बेटावर लोहयुक्त चिखलात रेशीम काळे करतात. तेथे चिखल धुऊन काढणे हा कामाचाच भाग मानतात.

आमच्या मते जुन्या रंगाऱ्याचे कसब काळा रंग आणण्यात नव्हते, तो वेळेवर थांबविण्यात होते. बाजारची हिराकस घातली की काळा रंग घटकेत येतो, मडक्याची वाट पाहावी लागत नाही. परंतु हिराकशीमागे गंधकाचे तीव्र आम्ल कापडात उरते. गुळाच्या पाण्यातील आम्ल सौम्य असते आणि बरेचसे उडून जाते. पंधरा दिवसांची ती आंबवण आळसाची नव्हती. जर्मनीत १८६९ साली कृत्रिम अलिझरीन तयार झाल्यापासून आपली तांबडी आल बाजारातून उठत गेली, तसेच १८६३ साली निघालेल्या अॅनिलीन काळ्याच्या जातीच्या रंगांनी हे मडकेही अडगळीत घातले. त्याचे आम्हांस फारसे दुःख नाही. स्वस्त आणि पक्का रंग मिळाला तर तो कोणी का घेऊ नये?

दुःख निराळ्याच गोष्टीचे आहे. अलीकडे काही हौशी मंडळी कापड लोखंडाभोवती गुंडाळून, व्हिनेगर शिंपडून, गंजाच्या तांबूस नक्षीचे तुकडे करतात आणि हातशिवणीसाठी विकतात. नक्षी खरोखर सुंदर दिसते. परंतु अनेकदा ते नीट धुतलेले नसते. गंजाचे कण धाग्यांत अडकून राहतात. त्यात सुई खरखरते, तिचे टोक लवकर बोथट होते, दोरा तासला जातो. मिठाच्या पाण्यात बुडविले की गंज थांबतो, असे कोणी सांगतात. मीठ लोखंडाला उलट अधिक गंजविते, हे समुद्रकाठच्या माणसास कोणी शिकवावयास नको. आमचा उपाय साधा आहे. कापड मनाजोगे रंगले की चांगल्या वाहत्या पाण्यात धुवावे, नंतर चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवावे, पुन्हा धुवावे, आणि कोरड्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. फडक्याला तांबूस लागले तर आणखी धुवावे. काळ्या कापडास सोडा मानवत नाही, रंग तपकिरीकडे झुकतो. त्यासाठी खडूची बारीक पूड पाण्यात कालवून घ्यावी. शिवताना दोऱ्याला मेण लावावे, टाके फार आखडते घेऊ नयेत, आणि नित्य अंगावर घ्यावयाच्या वस्तूत अशा कापडाचे लहान तुकडेच वापरावे.

जुन्या गोधडीचे काय करावे, असे भगिनी विचारतील. ती यंत्रात धुऊ नये, उन्हात टाकू नये. विरलेल्या भागावर पातळ जाळीदार कापड ठेवून त्याच्या कडा शाबूत कापडात टाचाव्या. टाका काळ्या तुकड्यात घेऊ नये; तो तेथे धरणार नाही. मग सुती कापडाच्या गुंडाळीभोवती लपेटून अंधारात ठेवावी.

एक गोष्ट विषयाबाहेरची वाटेल, तरी बोलतो. हिरडा विकत घ्यावयाचा तर शक्यतो वेचणाऱ्या माणसाकडूनच घ्यावा. उन्हातान्हात डोंगर चढून तो वेचणाऱ्या हातांचा मोबदला मधल्या दलालाने खाऊ नये.

बाहेरच्या ओसरीवर आम्ही दोन तुकडे टांगून ठेवले आहेत. एक हिराकशीचा, न धुतलेला. दुसरा मडक्यातील पाण्याचा, खडूने धुतलेला. दोन्ही एकाच ताग्यातले आहेत आणि सहा पावसाळे एकाच पेटीत होते. ज्यांस शंका असेल त्यांनी दोन्ही हातांनी ताणून पाहावे. पहिला जरा जपून ताणावा, नाहीतर मागून येणाऱ्यांस पाहावयास काही उरणार नाही.