कल्याण : बंदर आणि वाट



कल्याण आपल्याला ठाऊक आहे ते गाडी बदलण्यापुरते. शहर आपण पुलावरूनच पाहतो! पण कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणारे कित्येक जण स्वतःला कल्याणचे म्हणवतात. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ तर सांगतो की, राजकीय तंट्यामुळे येथे चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजीमहाराजांनी याच खाडीत जहाजे बांधवली.

मात्र बंदराला जगवले घाटवाटेने. बैलांचे तांडे मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नरला जात. घाटात सातवाहनांचा लेख आहे, आणि जकातीचा म्हणतात तो दगडी रांजणही. कल्याणच्या थोरवीत आपल्या मुलखाचा वाटा निम्मा, असे मी धिटाईने म्हणतो.

१ ऑक्टोबर १८५५ रोजी कल्याणहून आगगाडी वाशिंदला आली. १८६० पर्यंत रूळ येथेच संपत होते. पुढे गाडी घाटापार गेली आणि तांडे ओसरले.

आता कल्याणचे जुने वाडेही पडत आहेत. त्यांच्याबरोबर माळ्यावरचे मोडी कागद रद्दीत जातात. कोणाच्या आजोळी असे दप्तर असेल, तर ते १८६४ पासून चालत आलेल्या कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन दाखवा. पावसाळ्यापूर्वी न्या.