आईचा चेहरा आणि गोधडीचं ठिगळ

कुणी भाकऱ्या थापत असाल, कुणी निवडण घेऊन बसला असाल. हात चालू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काही सांगणार नाही. आज आमच्या गटाच्या छंदाबद्दल बोलायचंय. गेलं वर्षभर दर शनिवारी दुपारी आम्ही सहाजणी दोन तास कॉम्प्युटरपुढे बसतो. जुने फोटो दुरुस्त करतो आणि वेबपेज बनवायला शिकतो. "ह्यातनं पैसे किती सुटतात?" असं घरोघरी विचारून झालं. खरं सांगतो, एक रुपया सुटत नाही. तरी आम्ही बसतो. का, ते ऐका.

सुरुवात झाली गटातल्या एका मावशींपासून. त्यांच्या आईचा एकच फोटो. तोही कुणाच्या तरी लग्नातला, कडेला उभी असलेली, डोक्यावर पदर. फोटोला मधोमध घडी पडलेली, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. मावशी म्हणाल्या, "एवढी माझी आय नीट करून द्या."

आम्ही काय केलं, तर मोबाइलवर एक ॲप घेतलं. बटण दाबलं की फोटो चकचकीत. मिनिटभरात चेहरा गोरागोमटा, डोळे टपोरे, सुरकुती एक नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मावशींनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "बाई देखणी हाय. पण ही माझी आय न्हाय."

आम्ही गप्पच झालो.

मग कारण शोधलं. मोबाइलमधला फोटो म्हणजे बारीक बारीक रंगीत चौकोन. त्यांना पिक्सेल म्हणतात. रांगोळीचे ठिपके समजा. त्या लहानशा चेहऱ्याच्या वाट्याला मोजकेच ठिपके आलेले. मोठा केला म्हणून नवे ठिपके येत नाहीत, आहेत तेच फुगतात. ॲपने हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधला आणि रिकाम्या जागी कुणाचंतरी नाक, कुणाचेतरी डोळे बसवले. त्याने काही मावशींची आई पाहिली नव्हती.

तेव्हा ठरवलं, हातानं शिकायचं. गटातल्या एकीच्या मुलाने जुना लॅपटॉप दिला. त्यावर 'गिम्प' नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. ते फुकट आहे, चोरून घ्यावं लागत नाही. अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे काम १९९६ साली लोकांसमोर आलं, आणि आजही जगभरातली माणसं ते हौसेनं सुधारत असतात.

आता आम्ही काय शिकलो ते सांगतो.

पहिलं म्हणजे जुन्या फोटोचा फोटो घेताना काच काढायची, फ्लॅश बंद ठेवायचा. ओसरीत, सावलीतल्या उजेडात, फोटो सपाट ठेवून मोबाइल बरोबर वर धरायचा. निम्मं काम इथेच होतं.

दुसरं, मूळ फाइलला हात लावायचा नाही. कॉपी करायची, कॉपीवर काम करायचं. जेपीजी फाइल बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी बिघडत जाते.

तिसरं, घडीची रेघ बुजवायची ती गोधडीसारखी. गोधडी फाटली तर आपण कापडाचं ठिगळ लावतो ना? गिम्पमध्ये 'क्लोन' नावाचं साधन आहे. कंट्रोलचं बटण दाबून शेजारच्या चांगल्या जागेवर क्लिक करायचं, की तिथला तुकडा उचलला जातो. मग तो फाटलेल्या जागी ब्रशने लावायचा. ठिगळ लहान हवं आणि शेजारचंच हवं. लुगड्याचं लुगड्याला, भिंतीचं भिंतीला.

चेहऱ्याला आम्ही हात लावला नाही. उजेड थोडा वाढवला, पिवळेपणा कमी केला, बस. चार शनिवार गेले. चेहरा अजून धूसरच आहे. पण मावशींनी बघितल्याबरोबर डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, "आता बोलंल असं वाटतं."

मग बायका आपापल्या आई, आजी, आत्या घेऊन आल्या. फोटो साठले, तसं वाटलं की हे एका ठिकाणी मांडावेत. म्हणून वेबपेज शिकायला घेतलं.

वेबपेजची भाषा एचटीएमएल. टिम बर्नर्स-ली या माणसाने स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संस्थेत काम करताना ती तयार केली. पहिली वेबसाइट १९९१ साली लोकांना खुली झाली आणि १९९३ साली सर्नने वेब सगळ्यांना फुकट करून टाकलं. ही भाषा लिहायला साधं नोटपॅड पुरतं. 'इथून मथळा सुरू, इथे संपला', 'इथे फोटो' अशा खुणा करायच्या. उघडलेली खूण बंद करायची विसरलात तर खालचं सगळं पान मथळ्याएवढं मोठं होतं. आमचं झालं होतं! फाइल सेव्ह करताना 'यूटीएफ-८' निवडायचं. नाहीतर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. फोटो पानावर टाकण्याआधी लहान करायचा, म्हणजे पान चटकन उघडतं.

फोटोखाली नाव लिहायची वेळ आली आणि खरी अडचण तिथे आली. 'अमक्याची आई', 'तमक्याची आजी' हे सगळ्यांना माहीत. तिचं स्वतःचं नाव? लग्नात नाव बदललेलं, माहेरचं नाव विसरलेलं. एका आजींच्या नावासाठी आम्ही शेजारच्या गावी जाऊन एका नव्वदीच्या बाईंना विचारून आलो. आता प्रत्येक फोटोखाली दोन्ही नावं आहेत, माहेरचं आणि सासरचं. सातबाऱ्यावर नाहीत, दारावरच्या पाटीवर नाहीत, पण आमच्या पानावर आहेत.

हे पान आम्ही इंटरनेटवर टाकलेलं नाही. लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर ठेवलंय. नेट नसलं तरी उघडतं. बाहेर टाकायचं तर प्रत्येक घराची परवानगी हवी, आणि बायकांच्या फोटोंचा गैरवापर होतो हे आपण जाणतोच. घाई नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक जुना फोटो आणा. कॉम्प्युटर नसला तरी चालेल. फोटोतल्या बाईचं नाव मागच्या बाजूला पेन्सिलीने हलकंसं लिहा. ज्यांना ते ठाऊक आहे त्या आज आहेत, तोवर विचारून घ्या.

पुन्हा भेटू. नमस्कार.