पालिकेचं संकेतस्थळ कानांनी वाचताना



मी संगणकाचा पडदा बघत नाही, ऐकतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. तो मोफत मिळतो. म्हणजे अडचण माझ्या साधनाची नाही, समोरच्या पानाची आहे.

पालिकेच्या संकेतस्थळावर आपण कशाला जातो? कर भरायला, जन्मदाखला काढायला, योजनेचा अर्ज करायला. तो अर्ज बऱ्याचदा कागद स्कॅन करून चढवलेला असतो. त्यात अक्षरं नसतात, अक्षरांचं चित्र असतं. स्क्रीन रीडर गप्प! दुसरी फाइल युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली. तुम्हाला तिथे मराठी दिसते, मला इंग्रजी अक्षरांची भेळ ऐकू येते. बटणांना नावं दिलेली नसली, तर नुसतं 'बटन, बटन' ऐकत बसायचं. पैसे भरायच्या वेळी कॅप्चा येतो, तोही फक्त चित्रातला. मग मी कोणाला तरी बोलावतो आणि माझा पासवर्ड, ओटीपी त्याला सांगतो. माणूस भला असेल, पण माझं गुपित गेलं ते गेलंच.

पानावर 'अ+' आणि रंग बदलायची बटणं लावली, की झालं सुगम, असा एक समज आहे. त्यांनी कमी दिसणाऱ्यांना थोडी मदत होते. पण मूळ फाइलच मुकी असेल, तर ती बटणं काय करणार?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. त्याचं कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेबद्दलच आहे. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा नकोत, बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी खटल्यात सांगितलं. आणि ३० एप्रिल २०२५ला डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा ही मेहेरबानीची मागणी नाही.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बेळगावला, आज एवढंच करा. माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब आणि एंटर वापरून तुमच्या पालिकेचा कर भरून बघा. जिथे अडाल, ते पान आणि ती अडचण लिहून पालिकेला कळवा. उत्तर नाही आलं, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.

आम्ही तक्रारी करतोच. तुमचीही एक त्यात पडू द्या.