ठेवीमागची हमी आणि दवाखान्याचे बिल

पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी काळभोर या हवेली तालुक्यातील गावात घरात येणारा पैसा आता एका वाटेने येत नाही. मुठा कालव्याच्या पाण्यावरची शेती अजून आहे. परंतु शेजारच्या थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना दीर्घकाळ बंद राहिल्याने उसाच्या बिलाचा जुना आधार सुटला, आणि त्याच्या जोडीला तेल डेपोवरील टँकर-वाहतूक, गावातील राजबाग परिसरातल्या विद्यापीठामुळे मिळणारे खोल्यांचे भाडे व जमिनीच्या व्यवहारातून एकरकमी हाती पडणारे पैसे असे उत्पन्नाचे वेगळे मार्ग निर्माण झाले. घरखर्चाच्या नियोजनाविषयीचे बहुतेक लेखन महिन्याचा ठरलेला पगार गृहीत धरते, आणि म्हणूनच ते अशा गावाला फारसे उपयोगी पडत नाही. वर्षातून एकदोनदा, किंवा जमिनीच्या बाबतीत आयुष्यातून एकदाच, मोठी रक्कम ज्याच्या हाती येते, त्याच्यापुढचा पहिला प्रश्न व्याजदराचा नसून त्या रकमेमागे हमी कोणाची, हा असतो.

गावच्या बाजारपेठेत पैसे स्वीकारणाऱ्या संस्थांच्या पाट्या दिसायला सारख्याच असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांत मूलभूत फरक आहे. राष्ट्रीयीकृत व खासगी बँका, नागरी सहकारी बँका आणि १९१७ साली स्थापन झालेली पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक यांतील ठेवींना ठेव विमा व पतहमी महामंडळाचे संरक्षण असते. पतसंस्था मात्र सहकार कायद्याखाली नोंदलेली असली, तरी ती बँक नसते, आणि तिच्यातील ठेव या विम्याच्या कक्षेत येत नाही. ठेव विमा म्हणजे बँक बुडाल्यास ठेवीदाराला ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम महामंडळाने देण्याची व्यवस्था होय, आणि तिचा हप्ता ठेवीदार नव्हे, तर बँक भरते. या व्यवस्थेच्या जन्माशी महाराष्ट्राचाही संबंध आहे, कारण १९६० साली केरळमधील पलाई सेंट्रल बँकेबरोबर अकोल्याची लक्ष्मी बँकही कोसळली आणि त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा १,५०० रुपये असलेली मर्यादा १९९३ मध्ये एक लाखावर आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांवर गेली. ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून, आणि एकाच बँकेच्या सर्व शाखांतील एकाच नावाच्या खात्यांना एकत्र लागू होते; त्यामुळे एकाच बँकेच्या लोणी व हडपसर येथील शाखांत ठेव विभागून ठेवल्याने संरक्षण वाढत नाही, बँकच वेगळी असावी लागते.

विमा असूनही पैसा वेळेवर मिळतोच असे नव्हते, हे पुण्याने रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात पाहिले आहे. १९१२ साली स्थापन झालेल्या या बँकेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि तिचा परवाना रद्द होण्यास २०२२ उजाडले. मधल्या काळात बँक ना धड चालू होती, ना कायद्याने बुडालेली, आणि जुन्या तरतुदीनुसार विम्याची रक्कम परवाना रद्द होऊन अवसायन, म्हणजे कारभार गुंडाळण्याची कायदेशीर प्रक्रिया, सुरू झाल्यावरच मिळत असे. २०२१ च्या दुरुस्तीने ही अट बदलली. निर्बंध लागल्यापासून साधारणतः ९० दिवसांत विमित रक्कम देण्याची तरतूद आली, आणि रुपी बँकेच्या ठेवीदारांनाही परवाना रद्द होण्याआधीच महामंडळाकडून सुमारे ७०० कोटी रुपये मिळाले. पाच लाखांच्या वरची ठेव असणाऱ्यांची परवड अर्थातच त्याने संपली नाही. पतसंस्थेने देऊ केलेला एकदोन टक्के जादा दर ही या सगळ्या संरक्षणाची किंमत असते, हे व्याजाचे फलक सांगत नाहीत.

साठवलेली रक्कम सर्वांत वेगाने ओसरते ती रुग्णालयात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली झाली असून तिच्यात प्रतिकुटुंब वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होतात. मात्र रुग्णालय योजनेत अंगीकृत असावे लागते, उपचार ठरलेल्या यादीतला असावा लागतो, आणि बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या व नेहमीची औषधे तिच्यात येत नाहीत. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, याच्याकडे दाखल होतानाच चौकशी करणे इष्ट, कारण बिल झाल्यावरची चौकशी बहुधा निष्फळ ठरते.

खासगी आरोग्य विम्यात विमा रकमेच्या मोठ्या आकड्यापेक्षा अटींची बारीक अक्षरे अधिक निर्णायक असतात. पूर्वीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे ज्या मुदतीत त्या आजाराचा दावा मान्य होत नाही तो काळ, आता कमाल तीन वर्षांचा आहे. मधुमेह लपवून हप्ता वाचवणारा मनुष्य हा काळ टाळत नाही, तर दावाच नाकारला जाण्याची सोय करून ठेवतो. खोलीभाड्याची मर्यादा ही त्याहून फसवी अट आहे. पाच लाखांच्या पॉलिसीत रोजच्या भाड्याला एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये, अशी मर्यादा असेल आणि रुग्ण १०,००० रुपयांच्या खोलीत राहिला, तर अशा पॉलिसीत केवळ भाड्यातलेच नव्हे, तर डॉक्टरांच्या व शस्त्रक्रियेच्या शुल्कातलेही निम्मे पैसे कापले जाऊ शकतात. औषधे व तपासण्या मात्र या कपातीतून वगळलेल्या आहेत. आप्तेष्टांचा आग्रह बहुधा चांगल्या खोलीचाच असतो.

आजारपणाइतकीच मृत्यू व अपघाताची तरतूदही बँक खात्याशीच जोडलेली असते. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे आयुर्विमा संरक्षण देणारी प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आणि २० रुपयांत तेवढेच अपघाती संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, या दोन्हींचे हप्ते मे महिन्याच्या अखेरीस बचत खात्यातून आपोआप वळते होतात. त्या आठवड्यात खात्यात शिल्लक नसेल, तर १ जूनपासून संरक्षण चालू राहत नाही. आणि हप्ता गेला असूनही घरच्यांना ठाऊक नसेल, तर दावा करणारे कोणी उरत नाही. खातेदाराच्या निधनानंतर वारसांनी पासबुकाच्या मे महिन्यातील नोंदी आधी पाहाव्यात, हे बँकेत सहसा कोणी सांगत नाही.