पहिल्या चिठ्ठीत काय लिहाल?

आज पदवी घेणाऱ्या डॉक्टरांनो,

तुमच्यातले बरेच जण लवकरच कुठल्या तरी आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या गावच्या दवाखान्यात बसाल. कर्करोगाचा पेशंट सगळ्यात आधी तुमच्याच समोर येईल आणि तुम्ही त्याला चिठ्ठी देऊन पुढे पाठवाल. मला आज त्या चिठ्ठीबद्दल बोलायचं आहे.

मी जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस सुरू केली त्या वर्षीची गोष्ट. चाळिशीचा शेतकरी, डाव्या गालात जखम, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. बायोप्सीचा रिपोर्ट शुक्रवारी आला. खाट रिकामी होती, घरचे काकुळतीला आले होते, मी त्याच संध्याकाळी केमोचं पहिलं सलाईन लावलं. सोमवारी मुंबईच्या एका सहकाऱ्याशी फोनवर बोलताना कळलं, की अगदी अशाच रुग्णांसाठी एक ट्रायल सुरू आहे. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अजून काही ट्रीटमेंट दिली नाहीये ना?" मला उत्तर देता येईना. उपचार घेतलेला रुग्ण त्या ट्रायलमध्ये बसत नव्हता. मी दिलेलं औषध चुकीचं नव्हतं, आणि ट्रायलमध्ये गेला असता तर तो वाचला असता असंही कुणी सांगू शकत नाही. पण जायचं की नाही हे त्यानं ठरवायचं होतं. ते मी त्याला न विचारता शुक्रवारी संध्याकाळीच ठरवून टाकलं. इतकी वर्षं झाली, ते अजून सलतं.

म्हणून सांगतो, ट्रायलचं दार पुष्कळदा मुंबईत बंद होत नाही, ते तालुक्यातच बंद होतं. बायोप्सी न करताच स्तनातली गाठ काढली जाते. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनऐवजी पाण्यात टाकला जातो. मेणातला ब्लॉक लॅबमध्येच पडून राहतो आणि बाईच्या हातात फक्त रिपोर्टची झेरॉक्स येते.

डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लिग्नोकेनचा अभ्यास तुम्ही वाचला असेल. नसेल तर आज रात्री वाचा. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं, मग गाठ काढायची. देशातली 11 केंद्रं, 1,600 स्त्रिया. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात 86.4 टक्के होतं, दिलेल्या गटात 90.1. टाके घालताना आपण जे वापरतो, तेच हे औषध! हा फरक कळला तो त्या 1,600 जणींमुळे. आणि त्या अभ्यासात येण्यासाठी आधी केमो झालेली चालत नव्हती.

मोठ्या शहरापासून दूर असे अभ्यास जमत नाहीत, असं कुणी म्हणालं तर त्याला जुन्या उस्मानाबादची, आजच्या धाराशिवची आठवण करून द्या. 1999 साली तिथल्या गावागावांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास सुरू झाला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया होत्या त्यात. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयातली माणसं या कामात होती. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाचे 34 मृत्यू झाले, तुलनेच्या गटात 64. हा निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला. तुलनेच्या गटाला तपासणी दिली नव्हती, यावर नंतर तीव्र आक्षेप घेतले गेले. ते आक्षेपही वाचा. मला ते रास्त वाटतात. ज्या बाया आपल्याला ज्ञान देतात, त्यांच्या पदरात काय पडलं हे विचारलंच पाहिजे.

तुमच्या टेबलासमोर हाच प्रश्न साध्या शब्दांत येईल. "म्हणजे डॉक्टर, आमच्या माणसावर प्रयोग करणार का?" या प्रश्नाला हसू नका आणि घाईनं "नाही, नाही" म्हणू नका. "हो, हा अभ्यासच आहे," असं सांगा. कोणत्या गटात जाल ते डॉक्टर ठरवत नाही, संगणक ठरवतो, हे सांगा. नवं औषध जुन्यापेक्षा चांगलं ठरेलच असं नाही, तेच तर पाहायचं आहे, हे सांगा. कधीही "नको" म्हणता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हेही सांगा. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई यांची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. आणि खेपा किती पडतील, एसटीचं भाडं कोण देणार, हे माहितीपत्रकात शोधून त्यांना वाचून दाखवा. मजुरी बुडणार असेल तर घरात आधी त्याचाच हिशेब होतो.

कुठे काय सुरू आहे हे कळायला ओळखीपाळखी लागत नाहीत. आपल्या देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, 2007 पासून सगळ्यांसाठी खुली आहे आणि 2009 पासून तिथे नोंद करणं बंधनकारक आहे. आजार टाका, राज्य टाका, संपर्काचा नंबर मिळतो. नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली तीनशेहून अधिक रुग्णालयं आणि संस्था आहेत, त्यातलं एखादं तुमच्या जवळ असेल. फोन करा. मात्र उपचार सुरू करण्याआधी करा.

मागच्या पावसाळ्यात एका आरोग्य केंद्रातून एक बाई आल्या. सोबत इंजेक्शनचं रिकामं खोकं, त्यात कापसात गुंडाळलेला ब्लॉक आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी अशी होती: "बायोप्सी केली आहे, ब्लॉक व स्लाइड सोबत. उपचार सुरू केलेला नाही. बीपीची गोळी चालू, नाव मागे लिहिले आहे. ट्रायलबद्दल ऐकायची तयारी आहे, निर्णय घेतलेला नाही." लिहिणारी डॉक्टर दोन वर्षांपूर्वी पास झालेली होती. बाईंना बसणारी एक ट्रायल होती. आम्ही तासभर बोललो. माहितीपत्रक मुलाकडून वाचून घेते म्हणाल्या आणि घरी गेल्या. दोन दिवसांनी परत आल्या, म्हणाल्या, "डॉक्टर, इतक्या खेपा मला जमायच्या न्हाईत. नेहमीचं औषध द्या." त्याच दिवशी आम्ही नेहमीचा उपचार सुरू केला. संध्याकाळी मी त्या डॉक्टरला फोन करून बाईंचा निर्णय कळवला, आणि पुढच्या पेशंटलाही अशीच चिठ्ठी देऊन पाठव, असं सांगितलं.