कच्चें मडकें आणि पक्कें मडकें

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. या गांवीं सातशेंहून अधिक वर्षांपूर्वीं एक परीक्षा झाली, आणि तिची कथा महाराष्ट्रांत अजून सांगितली जाते. गोरोबाकाका कुंभार यांच्या घरीं निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव आदि संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईचें लक्ष कोपऱ्यांतील थापटण्याकडे गेलें. हें कशासाठीं, असें तिनें विचारलें. मडकें कच्चें कीं पक्कें हें यानें पारखतों, असें गोरोबांनीं सांगितलें. मग हीं मडकींही पारखून पाहावीं, असें तिनें संतांकडे बोट दाखवून सुचविलें. गोरोबांनीं एकेकाच्या मस्तकावर थापटणें मारण्यास आरंभ केला. इतर सर्व स्वस्थ बसले. नामदेव तेवढे रागावले. गोरोबांनीं निकाल दिला: एवढें एक मडकें कच्चें राहिलें आहे.

कथेचा हा भाग सर्वांना ठाऊक असतो. पण तिचा अर्थ पुढील भागांत आहे. नामदेव अपमानानें पोळले, परंतु तेथेंच थांबले नाहींत. ते विसोबा खेचरांकडे गेले व त्यांना त्यांनीं गुरु केलें. म्हणजे निकाल लागला तेव्हां त्यांची तयारी संपली नाहीं, ती तेथून सुरू झाली. परीक्षा म्हणजे काय व तिची तयारी कशी करावी, हें समजून घेण्यास तेरच्या या अंगणाहून चांगली जागा सांपडणें कठीण आहे.

आजच्या काळीं नोकरी करणाऱ्या प्रौढ मनुष्यालाही पुन्हां परीक्षेस बसावें लागतें. अशा परीक्षांपैकीं एक म्हणजे प्रकल्प-व्यवस्थापनाची परीक्षा. अमेरिकेंत १९६९ सालीं प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली, आणि १९८४ पासून ती ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’, संक्षेपानें पी.एम.पी., हें प्रमाणपत्र परीक्षा घेऊन देऊं लागली. धरण, रस्ता, कारखाना, रुग्णालय, संगणकाची कार्यप्रणाली, असें कोणतेंही काम ठराविक मुदतींत व ठराविक खर्चांत तडीस नेणाऱ्या मनुष्याची पारख करणें हा या परीक्षेचा हेतु होय.

श्रोत्यांच्या मनांत येथें एक शंका येईल. काम येणाऱ्यास कागदाची गरज काय? गोरोबांजवळ कोणतें प्रमाणपत्र होतें? तेर येथें विटांनीं बांधलेलें प्राचीन चैत्यगृह आज त्रिविक्रमाचें मंदिर म्हणून उभें आहे. त्याच्या कारागिरांना कोणी परीक्षेस बसविलें होतें?

या शंकेचें उत्तरही तेरच्याच इतिहासांत आहे. कुंभाराचें मडकें गांवांतच विकलें जातें तोंवर विकणारा व घेणारा एकमेकांस ओळखतात; मडकें गळलें तर दुसऱ्या दिवशीं कुंभाराच्या दारांत उभें राहतां येतें. पण तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत तगराचा उल्लेख पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावरील मोठें नगर म्हणून आला आहे. तेथील कापड गाड्यांत भरून अवघड वाटांनीं भडोचच्या बंदरावर जाई आणि पुढें समुद्रापार पोंचे. त्या दूरच्या ग्राहकाला तगराचा विणकर ठाऊक असणें शक्य नव्हतें. जेथें ओळख संपते तेथें खुणेची गरज सुरू होते. आज तेरचा अभियंता पुण्यांत बसून परदेशांतील मालकासाठीं काम करतो. त्या मालकानें त्याचें काम डोळ्यांनीं पाहिलेलें नसतें. प्रमाणपत्र ही अशा अनोळखी माणसांमधील खूण आहे. तिला याहून अधिक मोल देऊं नये. आणि कमीही देऊं नये.

आतां अशा एका उमेदवाराचें चित्र कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. त्यानें नऊ वर्षें रस्त्यांच्या व पुलांच्या कामांवर देखरेख केली आहे. गवंडी त्याचा शब्द मानतात. परंतु वरची जागा रिकामी झाली तेव्हां ती त्याच्याहून कमी अनुभवाच्या, पण प्रमाणपत्र मिळविलेल्या सहकाऱ्यास मिळाली. तो जाडजूड पुस्तकें विकत घेतो आणि घरांतील मंडळी निजल्यावर वाचीत बसतो. महिनाभरानें सराव-परीक्षा देतो, तों जें काम तो रोज करतो त्याच विषयावरचीं उत्तरें चुकलेलीं आढळतात. नऊ वर्षांचा आपला अनुभव खोटा कीं काय, या विचारानें त्याची झोंप उडते.

अनुभव खोटा नसतो. तो अजून तपासलेला नसतो, एवढेंच. याचें एक उदाहरण पाहावें. काम निम्म्यावर आलें असतां ग्राहक एक नवी मागणी करतो. व्यवस्थापकानें प्रथम काय करावें, असा प्रश्न असतो. आपला उमेदवार ‘वरिष्ठांस तत्काळ कळवावें’ असें उत्तर निवडतो, कारण त्याच्या कचेरींत तशी चाल आहे. परीक्षेस अपेक्षित उत्तर असें कीं, त्या मागणीचा मुदतीवर, खर्चावर व गुणवत्तेवर काय परिणाम होईल हें आधीं अभ्यासावें आणि मग ठरलेल्या रीतीनें ती मागणी मंजुरीस न्यावी. पहिल्या उत्तरांत संवय बोलते, दुसऱ्यांत विचार. संवय आणि विचार यांतील हें अंतर ओळखणें हीच या तयारीची पहिली पायरी होय.

या परीक्षेस पाठांतर फारसें उपयोगी पडत नाहीं, याचेंही कारण आहे. संस्थेच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या २०१७ च्या सहाव्या आवृत्तींत ४९ प्रक्रिया मांडल्या होत्या. २०२१ च्या सातव्या आवृत्तींत भर १२ तत्त्वांवर आला. जानेवारी २०२१ पासून अमलांत आलेल्या आराखड्यांत १८० प्रश्न व २३० मिनिटें होतीं, म्हणजे एका प्रश्नास सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ. त्यांत माणसें सांभाळण्यास ४२ टक्के, कामाच्या प्रक्रियेस ५० टक्के आणि व्यवसायाच्या परिस्थितीस ८ टक्के असें वजन दिलें होतें. आराखडा कांहीं वर्षांनीं बदलतो. म्हणून उमेदवारानें जुन्या पुस्तकांवर विसंबून न राहतां संस्थेचें चालू पत्रक आधीं वाचावें. पण आंकडे बदलले तरी प्रश्नांचा स्वभाव बदलत नाहीं. ते प्रसंग सांगतात आणि निर्णय मागतात.

म्हणून तयारीचा आरंभ पुस्तकापासून न करतां स्वतःच्या कामापासून करावा. अर्ज भरतांना तसेंही हें करावेंच लागतें. चार वर्षांच्या पदवीधरास ३६ महिन्यांचा, व पदवी नसलेल्यास ६० महिन्यांचा, प्रकल्प चालविण्याचा अनुभव दाखवावा लागतो. शिवाय ३५ तासांचें रीतसर शिक्षण लागतें. कांहीं अर्ज निवडून त्यांची पडताळणी होते, आणि तेव्हां वरिष्ठांच्या सहीनें अनुभव सिद्ध करावा लागतो. दुसऱ्याचें काम आपल्या नांवावर लिहिण्याचा मोह येथें होतो. तो टाळावा, पकडले जाऊं म्हणूनच केवळ नव्हे, तर ज्यानें काम केलेलेंच नाहीं त्यास प्रसंगाचा प्रश्न सुटत नाहीं, म्हणूनही. एका वहींत प्रत्येक कामाचा हेतु, ठरलेली मुदत, झालेला विलंब, त्याचें कारण, आणि पुन्हां तसें काम आलें तर काय निराळें करतां येईल, हें प्रामाणिकपणें लिहावें. ती वही उमेदवाराचा पहिला ग्रंथ होय.

त्यानंतर पुस्तकांतील कल्पना त्या वहीशीं जुळवाव्या. कुंभाराच्या अंगणांतही त्या सांपडतात. माती भिजवावी, तुडवावी, चाकावर घडवावी, वाळवावी व आव्यांत भाजावी. यांतील एक काम झाल्याविना दुसरें होत नाहीं. मडकें वाळण्यास जे दिवस लागतात ते दहा माणसें अधिक लावून कमी होत नाहींत. उलट गोवऱ्या व भुसा गोळा करण्याचें काम त्याच दिवसांत शेजारीं चालूं शकतें. तें एक दिवस लांबलें तरी बिघडत नाहीं. ज्या कामांची साखळी लांबली तर सारा आवा लांबतो, त्या साखळीस शास्त्रांत ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. कुंभारास हें नांव ठाऊक नसेल. पण ढग आले तर आधीं कोणत्या मडक्यांवर आच्छादन घालावें, हें त्यास ठाऊक असतें.

हिशेबाचेंही तसेंच आहे. दहा खोल्यांची शाळा दहा महिन्यांत, दहा लाख रुपयांत बांधावयाची आहे, आणि सर्व खोल्या सारख्या आहेत, असें समजावें. पांच महिने झाले, चार खोल्या पुऱ्या झाल्या, आणि सहा लाख रुपये खर्च झाले. निम्मी मुदत सरली आणि पैसे अजून शिल्लक आहेत, म्हणून सामान्य मनुष्य समाधान मानील. परंतु झालेल्या कामाचें मोल चारच लाख आहे. पांच लाखांचें काम व्हावयास हवें होतें, तें चार लाखांचें झालें. म्हणजे गति ठरल्याच्या ८० टक्के. खर्च झालेल्या प्रत्येक रुपयांतून सुमारें ६७ पैशांचेंच काम उभें राहिलें. हीच चाल राहिली तर शाळेस पंधरा लाख लागतील. या रीतीस ‘अर्न्ड व्हॅल्यू’ म्हणतात. सूत्र पाठ करणाऱ्यास तें परीक्षेच्या दिवशीं विसरण्याची भीति असते. शाळेच्या चार खोल्या डोळ्यांपुढें असलेल्यास ती नसते.

परंतु मुदत आणि पैसा एवढ्यानें प्रकल्प पुरा होत नाहीं, हा धडा याच भागानें फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील, तेव्हांच्या उस्मानाबादेंतील, गांवें जमीनदोस्त झालीं व सुमारें आठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. जागतिक बँकेच्या साह्यानें महाराष्ट्र सरकारनें पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम हातीं घेतला. ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. इतर असंख्य गांवांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांच्याच हातून करविलें गेलें. त्यासाठीं गांवोगांवच्या स्त्रियांना ‘संवाद साहाय्यक’ म्हणून नेमलें, आणि बांधकामाची माहिती त्यांच्या द्वारें घरोघरीं पोंचली. हें काम पुढें नांवाजलें गेलें. नव्या गांवांविषयीं मात्र अभ्यासकांनीं एक उणीव नोंदविली: तेथील रुंद, सरळ, शहरी वळणाची आखणी जुन्या गल्ल्यांतील एकमेकांस लागून असलेल्या घरांच्या जीवनाशीं नीट जुळली नाहीं. घरें उभीं राहणें हें एक, आणि त्यांत राहणाऱ्यांस तीं आपलीं वाटणें हें दुसरें. माणसें सांभाळण्याच्या प्रश्नांना परीक्षेंत इतकें वजन कां, हें ज्यास पुस्तकांतून उमगत नाहीं त्यानें या दोन कामांची तुलना करावी.

शेवटच्या महिन्यांत पूर्ण वेळाच्या सराव-परीक्षा द्याव्या, आणि गुणांपेक्षां चुकांकडे अधिक पाहावें. चुका तीन प्रकारच्या असतात. पहिली अज्ञानाची, ती वाचनानें जाते. दुसरी घाईची, म्हणजे प्रश्नांतील ‘प्रथम’ किंवा ‘नंतर’ हा शब्द नजरेंतून निसटल्याची. ती सावकाश वाचण्याच्या अभ्यासानें जाते. तिसरी संवयीची, ती सर्वांत चिवट, कारण ती चूक वाटतच नाहीं. चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढें यांपैकीं एक नांव लिहावें. पंधरा दिवसांत उमेदवारास आपलें मडकें कोठें कच्चें आहे हें कळूं लागतें.

इतकें करूनही अपयश येऊं शकतें. अर्ज मंजूर झाल्यापासून वर्षाच्या आंत ही परीक्षा तीनदां देतां येते. नियम करणाऱ्यांनींही अपयश गृहीत धरलें आहे. आणि यश आलें तरी प्रमाणपत्र कायमचें नसतें. दर तीन वर्षांत शिक्षणाचे व सेवेचे मिळून ६० घटक पुरे केले तरच तें टिकतें. मडकें एकदां भाजलें कीं संपलें, मनुष्याचें तसें नाहीं.

गोरोबांनीं शके १२३९ मध्यें तेर येथेंच देह ठेवला; तेरणेच्या कांठीं त्यांची समाधि आहे आणि भाविक तेथें येत असतात. ज्या संतांना त्या दिवशीं पक्कें ठरविलें गेलें, त्यांच्या परीक्षेची गोष्ट कोणी वेगळी सांगत नाहीं. गोष्ट राहिली ती कच्च्या ठरलेल्या नामदेवांची, कारण त्यांनीं निकाल ऐकला आणि ते शिकावयास निघाले. आपला कल्पनेंतला उमेदवारही आज रात्रीं वही उघडील. नऊ वर्षांत प्रथमच तो एखाद्या लांबलेल्या पुलापुढें पावसाचें नांव न लिहितां स्वतःचा चुकलेला अंदाज लिहील. परीक्षेचा दिवस अजून दूर असेल. पण तयारीस तेथून आरंभ झालेला असेल.