बुडालेली पाणबुडी वर काढताना



चालकांनी मला कामगार चळवळीवर बोलण्यास सांगितले होते. मी विषय निवडला पाणबुडीचा. काहींना हे विचित्र वाटले असेल. पण पहाटेची चर्चगेट गाडी धरून गोदीत कामाला जाणारी माणसे वसई-विरारमध्ये आहेत, आणि वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून लोखंड कापणारी व जोडणारी माणसे तर या मांडवातच बसलेली आहेत. तेव्हा विषय घरचाच समजावा. मी इंजिनियर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही आहे ते वाचनालयाच्या कृपेने.

१४ ऑगस्ट २०१३. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ ही पाणबुडी पहाटे समुद्रावर निघण्याच्या तयारीत उभी होती. पोटात पाणतीर आणि क्षेपणास्त्रे भरलेली. एकाएकी तिच्या पुढच्या भागात स्फोट झाले, आगीचा लोळ उठला आणि पाणबुडी धक्क्यालाच बुडाली. आत असलेले १८ जण, ३ अधिकारी आणि १५ नाविक, त्यांतून वाचले नाहीत. याच पाणबुडीवर २०१० साली विशाखापट्टणमला बॅटरीतील हायड्रोजनमुळे आग लागून एक नाविक दगावला होता. त्यानंतर रशियात तिची मोठी दुरुस्ती झाली आणि स्फोटाच्या काही महिने आधीच ती मुंबईस परतली होती.

आपल्या भाषेत बुडणाऱ्या जहाजाला पाणबुडी म्हणतात आणि बुडी मारणाऱ्या माणसाला पाणबुड्या. त्या दिवशी पाणबुडीत शिरण्याचे काम पाणबुड्यांवर आले. आगीच्या उष्णतेने आतले पोलाद वितळून वाकले होते, दारे जाम झाली होती, पाणी चांगलेच तापलेले होते आणि त्या गढूळ काळोखात डोळ्यांचा उपयोग नव्हता. माणसे हातांनी चाचपडत, एकेक इंच पुढे सरकली. स्फोट न झालेला दारूगोळा जवळच असू शकेल ही धास्ती होतीच. तरी त्यांनी आपल्या सोबत्यांचे मृतदेह बाहेर आणले.

आता हे धूड वर कसे आणायचे? पाचूबंदर आणि अर्नाळ्याच्या मंडळींना यातले तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. बुडालेल्या होडीच्या दोन अंगांना दोन होड्या उभ्या कराव्या, ओहोटीला दोर ताणून बांधावेत आणि भरतीची वाट पाहावी. समुद्रच ती होडी तळापासून सुटी करतो. पण सिंधुरक्षकचे वजन सुमारे २३०० टन आणि लांबी ७२ मीटरहून अधिक, म्हणजे लोकलचे साडेतीन डबे एकापुढे एक लावावेत तेवढी. पोलादाचे वजन पाण्यात जेमतेम आठव्या हिश्शाने घटते. त्यात तळाचा चिखल रुतलेल्या वस्तूला धरून ठेवतो. आणखी एक गोष्ट मला वाचतावाचता फार नवलाची वाटली. आत भरलेल्या पाण्याचे ओझे, जोवर सारे पाण्याखाली आहे तोवर, जाणवतच नाही. धूड पृष्ठभागाच्या वर डोके काढू लागले की तेच पाणी शेकडो टनांनी दोरखंडावर लोंबू लागते. म्हणून उचलताना घाई करून भागत नाही. थोडे उचलावे, पाणी निथळू द्यावे, पंप लावावेत, पुन्हा थोडे उचलावे.

रशियाची ‘कुर्स्क’ ऑगस्ट २००० मध्ये ११८ जणांसह बॅरेंट्स समुद्रात बुडाली. ती १०० मीटरहून खोल पाण्यात होती. डच कंपन्यांनी २००१ साली तिचा पुढचा फुटलेला भाग कापून तळाशीच ठेवला आणि उरलेली वर उचलली. आपल्याकडे खोली नव्हती, पण नांदत्या गोदीच्या मध्यभागी काम करायचे होते. जानेवारी २०१४ मध्ये रिझॉल्व्ह या अमेरिकी कंपनीच्या भारतीय शाखेला सुमारे २४० कोटी रुपयांचा ठेका दिला गेला आणि ६ जून २०१४ रोजी पाणबुडी वर आली. काम चोख झाले, यात शंका नाही.

पण ती वर काढायची कशासाठी? धक्का मोकळा व्हावा म्हणून, हे खरेच; आणि काय घडले ते कळावे म्हणूनही. २०१७ साली महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे आला. त्यात नौदलाच्याच चौकशी मंडळाचा निष्कर्ष नमूद आहे : पाणबुडीवरील माणसे ठरलेल्या मर्यादेपलीकडे राबलेली आणि थकलेली होती, आणि ही कामगिरी पाणबुडीला झेपेल की नाही याचा संबंधितांनी नीट अंदाज घेतला नव्हता. थकव्यानेच स्फोट झाला असे मी म्हणत नाही. युद्धनौकेवर भोंगा वाजवून पाळी बदलता येत नाही, हेही मला मान्य आहे. पण मर्यादा ठरलेली होती, आणि ती बाहेरच्या कोणी लादलेली नव्हती. स्फोटाच्या ज्वाळा वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचल्या. हे वाक्य किती जणांनी वाचले? त्याच वर्षी ते धूड अरबी समुद्रात नेऊन खोल पाण्यात बुडविण्यात आले.

आपल्या पूर्वेकडच्या एका कारखान्यात, नाव सांगत नाही, एका मुलाची तीन बोटे प्रेसमध्ये गेली. कागदावर कारण लिहिले होते : कामगाराचे दुर्लक्ष. आम्ही हजेरीपत्रक मागितले. मिळायला चार महिने लागले, प्रेस मात्र दुसऱ्याच दिवशी सुरू झाली होती. हजेरीपत्रकात दिसले की त्या मुलाचा तो सलग सोळावा तास होता.

तेव्हापासून अपघाताची खबर आली की आमची माणसे आधी मागच्या पंधरवड्याची हजेरी पाहायला मागतात आणि नंतर यंत्राकडे जातात. मालकांना हा क्रम आवडत नाही. श्रोत्यांतून कोणाला काही विचारायचे असेल तर अवश्य विचारावे. अध्यक्षांनी घड्याळ दाखविले आहे.